एकच सेशन, अनेक शेतकरी: कनेक्शन वाटायचं, मग काय वाटायचं नाही?

काटापावती (राळेगाव तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं लिहितो.

आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रावरची प्रणाली या हंगामापासून माझ्याकडे सांभाळायला आली आहे. केंद्रात एक लिनक्सचा संगणक, त्यावर पायथनमधली सर्व्हिस. फ्लास्क (वेब फ्रेमवर्क), पुढे गुनिकॉर्न (सर्व्हिस चालवणारा सर्व्हर), एक प्रोसेस आणि १६ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी १६ कामं. काट्यावरचा, प्रतवारीच्या टेबलावरचा आणि हिशेबाच्या खिडकीवरचा टॅबलेट या सर्व्हिसशी बोलतात. ही सर्व्हिस पुढे बाहेरच्या तीन सर्व्हरशी बोलते: सभासदाचं खातं आणि पेमेंट, एसएमएस, बाजारभाव. बाहेर जायला मोबाईलचं नेट. एका फेरीला, म्हणजे जाऊन परत यायला, दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस एकदम येतो तेव्हा फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गाड्या उभ्या असतात.

लॉगमध्ये सतत एक इशारा येतो: कनेक्शन पूल भरला आहे, कनेक्शन टाकून देत आहे. दुपारी कधीतरी सगळे टॅबलेट एकदम थिजतात आणि सर्व्हिस बंद-चालू केली की सुरळीत होतात. या दोन गोष्टी मी सहन केल्या असत्या. तिसरी नाही करू शकत. एका शेतकऱ्याने खिडकीवर खात्याचा उतारा मागितला आणि पडद्यावर दुसऱ्याच सभासदाचा उतारा आला. उचल किती, कपात किती, शिल्लक किती, सगळं. पुन्हा मागितला तर बरोबर आला. गावात कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे असं उघडं पडणं फार वाईट आहे. त्या माणसाला मी काय उत्तर देऊ?

कोडमध्ये फाईलच्या माथ्यावरच रिक्वेस्ट्स या, बाहेरच्या सर्व्हरला एचटीटीपी कॉल करणाऱ्या पायथन लायब्ररीचं एकच सेशन तयार केलेलं आहे आणि सगळे थ्रेड तेच वापरतात. ओळखीच्या एकाचं म्हणणं, प्रत्येक रिक्वेस्टला नवीन सेशन करा, प्रश्न मिटला. दुसऱ्याचं म्हणणं, एकच सेशन ठेवणं हेच बरोबर आहे, दोष दुसरीकडे शोधा. दोघंही अनुभवी आहेत. कोणाचं ऐकू?

हिंगणघाट_बॅकएंड

भाऊ, दोघंही अर्धे बरोबर आहेत. सेशन नावाच्या एका वस्तूत दोन वेगवेगळ्या गोष्टी बांधलेल्या असतात, आणि ते दोघं एकेकीबद्दल बोलत आहेत.

खालची गोष्ट म्हणजे कनेक्शनचा पूल. तो युआरएललिब३ या लायब्ररीचा असतो आणि अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी चालेल असाच बांधलेला आहे. थ्रेड कनेक्शन मागतो, काम करतो, परत ठेवतो. हा पूल वाटून घ्यायलाच हवा. वरची गोष्ट म्हणजे सेशनची आठवण: हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहिती), कुकी (सर्व्हरने सांभाळायला दिलेली खूण), ऑथ (ओळख). ती साध्या डिक्शनरीसारखी आहे, कोणता थ्रेड तिच्यात कोणाचं काय ठेवतो यावर पहारा नाही. ती वाटली की ओळखी मिसळतात.

प्रत्येक वेळी नवीन सेशन केलं तर काय होईल त्याचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी करून पाहा. नवीन कनेक्शनला टीसीपी जोडणीची एक फेरी. त्यावर सुरक्षित जोडणीचं टीएलएस १.२ असेल तर दोन फेऱ्या, १.३ असेल तर एक (या सुरुवातीच्या फेऱ्या म्हणजे हँडशेक). मग रिक्वेस्टची स्वतःची एक. म्हणजे २०० मिलिसेकंदाच्या फेरीला जुन्या टीएलएसवर ८००, नव्यावर ६००. तयार कनेक्शन हातात असेल तर २००. तुमच्या खिडकीवर एका उताऱ्यासाठी तीन-चार कॉल होत असतील तर शेतकरी सव्वा ते अडीच सेकंद जास्तीचे थांबतो, आणि त्याच्यामागे रांग आहे.

बरेच लोक पोर्ट संपण्याची भीतीही घालतात. ती खरी आहे, फक्त तुमच्यासाठी नाही. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी सहसा ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट वापरले जातात, म्हणजे २८,२३२. जी बाजू आधी कनेक्शन बंद करते तिच्याकडे तो पोर्ट टाइम-वेट अवस्थेत ६० सेकंद अडकतो. एकाच सर्व्हरकडे सेकंदाला शेकडो नवीन कनेक्शन उघडणाऱ्याने याची काळजी करावी. एका संकलन केंद्राला तिथवर पोचायचं कारण नाही.

आता मला एक बघून सांगा. खात्याच्या सर्व्हरला सभासदाचं टोकन, म्हणजे ओळख पटवणारी खूण, कुठून जातं? प्रत्येक कॉलसोबत, की आधी सेशनच्या हेडरमध्ये ठेवून?

वरुडचा_संत्रा

ताई, मले एक सांगा. मी फ्लटरमध्ये बागायतदारायसाठी ॲप बनवून राह्यलो. त्यात मी सरळ एचटीटीपी पॅकेजचं गेट मारतो, क्लायंट-फ्लायंट काही बनवत नाही. चालते ना?

हिंगणघाट_बॅकएंड

चालतं भाऊ, पण ते वरवरचं गेट आतमध्ये दर वेळी नवीन क्लायंट बनवतं आणि काम झालं की बंद करतं. एकाच सर्व्हरला लागोपाठ कॉल असतील तर एक क्लायंट बनवून ॲप चालू असेपर्यंत तोच ठेवा. एका फोनवर एकच शेतकरी असतो, त्यामुळे ओळखी मिसळायचा धोका तुम्हाला सर्व्हरइतका नाही. मात्र एकाच फोनवर लॉगआउट करून घरातला दुसरा माणूस लॉगिन करत असेल तर तेवढी एक जागा तपासा.

काटापावती

ताई, सापडलं. तुमचा प्रश्न वाचून कोड उघडला आणि समोरच होतं.

उतारा आणायचं फंक्शन पहिल्या ओळीत सभासदाचं टोकन सेशनच्या ऑथरायझेशन हेडरमध्ये ठेवतं. दुसऱ्या ओळीत उताऱ्याची रिक्वेस्ट पाठवतं. रिक्वेस्टमध्ये सभासद क्रमांक कुठेच नाही, समोरचा सर्व्हर फक्त टोकनवरून माणूस ओळखतो. आता थ्रेड क ने पहिल्या शेतकऱ्याचं टोकन ठेवलं. तो पुढची ओळ चालवायच्या आत थ्रेड ख ने दुसऱ्याचं टोकन त्याच जागी ठेवलं. मग क ने रिक्वेस्ट पाठवली. गेली कोणाच्या नावाने? दुसऱ्याच्या. समोरच्या सर्व्हरने अगदी इमानदारीने दुसऱ्याचा उतारा परत दिला.

दोन ओळींमधला वेळ इतका लहान की गर्दी नसताना हे वर्षभर दिसलं नसतं. उन्हाळ्यात प्रणालीची चाचणी झाली तेव्हा खिडकीवर एकच माणूस होता.

मग प्रत्येक थ्रेडला त्याचं स्वतंत्र सेशन दिलं, थ्रेड-लोकल करून, तर?

मेळघाट_नेटवर्क

मी तेच सुचवणार होतो. छोट्या केंद्राला थ्रेड-लोकल सेशन पुरे. रिक्वेस्ट्सचं सेशन थ्रेडसाठी सुरक्षित आहे असं त्या लायब्ररीने कधी ठाम वचन दिलेलं नाही, मग कशाला विषाची परीक्षा? १६ थ्रेड, १६ सेशन, प्रत्येकाचा आपला पूल. मेमरी किती लागते त्याला?

हिंगणघाट_बॅकएंड

सर, मेमरीची अडचण नाहीच. थ्रेड-लोकलने दोन थ्रेडमधली शर्यत थांबते, गळती थांबत नाही. गुनिकॉर्न तोच थ्रेड पुढच्या माणसाला वापरतो. आधीच्या शेतकऱ्याचं टोकन त्या थ्रेडच्या सेशनमध्ये तसंच बसलेलं असतं. पुढच्या फंक्शनमध्ये टोकन ठेवायची ओळ एखाद्या इफच्या फांदीत राहून गेली, किंवा त्या ओळीच्या आधीच एक्सेप्शन येऊन नंतरचा कोड तरीही चालला, तर रिक्वेस्ट आधीच्याच ओळखीने जाते. मला तर ही चूक जास्त धोक्याची वाटते, कारण तिला गर्दीचीही गरज नाही.

म्हणून नियम असा ठेवा: माणसाची ओळख सेशनवर ठेवायचीच नाही. टोकन प्रत्येक कॉलला हेडर म्हणून सोबत द्यायचं. लायब्ररी ते त्या कॉलपुरतंच मिसळते आणि सेशनला हात लावत नाही. सेशनच्या हेडरमध्ये फक्त सगळ्यांसाठी सारखं असणारं ठेवा, जसं युजर-एजंट. सेशन सर्व्हिस सुरू होताना एकदा तयार करा आणि नंतर त्यात बदल करणारी एकही ओळ कोडमध्ये शिल्लक ठेवू नका.

कुकी विसरू नका. समोरच्या सर्व्हरने एकाच्या रिस्पॉन्ससोबत सेशन-कुकी पाठवली तर ती सेशनच्या कुकीच्या डब्यात जाऊन बसते आणि पुढच्या प्रत्येकाच्या रिक्वेस्टसोबत जाते. टोकन बरोबर आणि कुकी चुकीची, अशा वेळी समोरचा सर्व्हर कोणाला मानेल ते त्याच्यावर. कुकीची गरज नसेल तर डब्याचं धोरण असं लावा की कुठल्याच डोमेनची कुकी स्वीकारायची नाही. पायथनच्या कुकीजार मोड्यूलमध्ये परवानगीच्या डोमेनची यादी रिकामी दिली की झालं.

हे पाळलं की एकच सेशन काय आणि थ्रेडला एक काय, दोन्ही चालतील. मेळघाट सरांची काळजी रास्त आहे, त्यामुळे थ्रेड-लोकल ठेवलंत तरी मी भांडणार नाही.

चिखली_गोफर

गो वापरणाऱ्यांसाठी भर. गोचा एचटीटीपी क्लायंट अनेक गोरूटीननी (गोमधले हलके थ्रेड) एकदम वापरावा असाच आहे, आणि हेडर रिक्वेस्टवर असतात, त्यामुळे वरची अडचण सहसा येत नाही. आमच्याकडचे खड्डे वेगळे. रिस्पॉन्सची बॉडी पूर्ण वाचून बंद केली नाही तर ते कनेक्शन पुन्हा वापरात येत नाही. एका होस्टसाठी मोकळी कनेक्शन मुळात दोनच राखली जातात. एकाच सर्व्हरकडे पन्नास गोरूटीन धावत असतील तर काम झाल्यावर दोन राहतात, बाकीची बंद होतात, आणि पुढच्या वेळी परत हँडशेक. एका होस्टला मोकळी किती ठेवायची तो आकडा ट्रान्सपोर्टवर वाढवा. आणि मूळ क्लायंटला टाइमआउटच नसतो.

काटापावती

टाइमआउट म्हटलं म्हणून बघितलं. आमच्याही कोडमध्ये एकाही कॉलला टाइमआउट दिलेला नाही.

मेळघाट_नेटवर्क

मग दुपारचं थिजणं तेच. रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउट दिला नाही तर कॉल कितीही वेळ थांबून राहतो. एचटीटीपीएक्स या दुसऱ्या लायब्ररीत निदान ५ सेकंद आपोआप असतात. मोबाईल नेटवर तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये मोबाईल कंपनीचा नॅट (पत्ते बदलून देणारं यंत्र) बसलेला असतो. कनेक्शन बराच वेळ गप्प राहिलं की तो आपली नोंद पुसतो आणि दोन्ही टोकांना काही कळवत नाही. युआरएललिब३ पूलमधून कनेक्शन देताना ते बंद पडलंय का ते बघतं, पण समोरून बंद केल्याचा निरोप आला असेल तरच ते दिसतं. नॅटने गुपचूप टाकलेलं कनेक्शन जिवंतच दिसतं. त्यावर रिक्वेस्ट टाकली की थ्रेड उत्तराची वाट पाहत बसतो. जेवणाच्या सुट्टीनंतर असे १६ थ्रेड अडकले की खेळ खलास, बंद-चालू केल्याशिवाय बराच वेळ सुटका नाही.

दोन वेगळे टाइमआउट द्या. जोडण्यासाठी ३-४ सेकंद, वाचण्यासाठी त्या सर्व्हरच्या स्वभावाप्रमाणे. रिक्वेस्ट्समधला वाचण्याचा टाइमआउट एकूण वेळेचा नसतो हे लक्षात असू द्या. दोन तुकड्यांच्या मध्ये किती वेळ गप्प बसलेलं चालेल एवढंच तो मोजतो.

तो पूल भरल्याचा इशाराही समजून घ्या. ॲडॅप्टरला दोन आकडे असतात. पूल-कनेक्शन्स म्हणजे किती होस्टचे पूल लक्षात ठेवायचे, पूल-मॅक्ससाइझ म्हणजे एका होस्टची किती कनेक्शन राखायची. दोन्ही मुळात १०, म्हणून लोक गोंधळतात. तुमचे थ्रेड १६. अकरावा थ्रेड आला की नवीन कनेक्शन उघडलं जातं आणि परत ठेवायला जागा नसल्याने टाकून दिलं जातं. रिक्वेस्ट बिघडत नाही, फक्त हँडशेक वाया जातो. मॅक्ससाइझ १६ करा, इशारा जाईल.

वरुडचा_संत्रा

एचटीटीपी/२ लावलं तर पूलची भानगडच कायले राहते? एकाच कनेक्शनवर सगळं जाते म्हणतात.

मेळघाट_नेटवर्क

जातं. २०१५ पासून आहे ते. पण रिक्वेस्ट्स लायब्ररी ते बोलत नाही, एचटीटीपीएक्समध्ये मुद्दाम चालू करावं लागतं. आणि मोबाईल नेटवर एक पॅकेट हरवलं की त्या एका टीसीपी कनेक्शनवरचे सगळे प्रवाह थांबतात. त्यावर उपाय म्हणून २०२२ चं एचटीटीपी/३ टीसीपीऐवजी क्विक या प्रोटोकॉलवर गेलं. यांच्या केंद्राचा प्रश्न मात्र त्याने सुटला नसता. टोकन चुकीचं असेल तर ते कुठल्याही आवृत्तीवरून चुकीचंच जाईल.

हिंगणघाट_बॅकएंड

टाइमआउट लावायला घेताय तर अर्धवट राहिलेल्या कनेक्शनबद्दल बोललंच पाहिजे, कारण उतारा चुकीचा जाण्याचा तो दुसरा रस्ता आहे.

एचटीटीपी/१.१ मध्ये एका कनेक्शनवर रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्सची जोडी फक्त क्रमाने ओळखली जाते. कुठलं उत्तर कोणाचं हे उत्तरावर लिहिलेलं नसतं. वजनकाट्यासारखं आहे हे: पहिली गाडी पूर्ण उतरल्याशिवाय दुसरी चढवली तर आकडा येतो, पण तो कोणाचाच नसतो. टाइमआउट झाला, काम मध्येच रद्द झालं, बॉडी अर्धीच वाचली, अशा वेळी ते कनेक्शन पूलमध्ये परत ठेवायचं नाही, बंद करायचं. चांगल्या लायब्ऱ्या हे स्वतः करतात. धोका आहे तो स्वतःचा पूल लिहिणाऱ्यांना, आणि असिंकमध्ये (एकाच थ्रेडवर अनेक कामं आळीपाळीने चालवताना) काम मध्येच रद्द होणं नीट न सांभाळणाऱ्या लायब्ऱ्यांना.

मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली होती, ते याच जातीचं होतं. तिथे एचटीटीपी नव्हतं, रेडिस या डेटाबेसचा पायथन क्लायंट होता. रिक्वेस्ट पाठवून झाल्यावर पण उत्तर उचलायच्या आधी काम रद्द झालं, कनेक्शन तसंच पूलमध्ये गेलं, आणि पुढच्या भलत्याच माणसाला ते पडून राहिलेलं उत्तर मिळालं. ओपनएआयने स्वतःच हे कारण जाहीर केलं, आणि साधारण नऊ तासांच्या काळात चालू असलेल्या प्लस सदस्यांपैकी १.२ टक्क्यांची पेमेंटसंबंधी माहिती दिसली असू शकते असंही सांगितलं. इतक्या मोठ्या ठिकाणी जे घडलं ते तालुक्याच्या केंद्रात घडणार नाही असं समजू नये.

आणखी एक. उद्या गुनिकॉर्नच्या प्रोसेस वाढवल्या आणि कोड आधीच लोड करण्याचा पर्याय लावला, तर फाईलच्या माथ्यावरचं सेशन फोर्कच्या (एका प्रोसेसमधून दुसरी निघण्याच्या) आधी तयार होतं. त्या वेळी त्यात उघडं कनेक्शन असेल तर तेच सॉकेट दोन प्रोसेसकडे जातं आणि दोघी त्यावर लिहितात. सेशन फोर्क झाल्यावर, प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळं तयार करा.

काटापावती

हे सगळं उतरवून घेतलं. आता एक भीती. टाइमआउट लावले की पेमेंटची रिक्वेस्ट मध्येच तुटेल. तुटली म्हणजे समोर पोचली नाही, की पोचली पण उत्तर आलं नाही? पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा जातील का?

हिंगणघाट_बॅकएंड

जाऊ शकतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. वीस क्विंटलची एक गाडी म्हणजे १,६२,२०० रुपये. ते दोनदा गेले तर परत मागायला कोणाच्या दारात जाणार?

गेट, पुट, डिलीट पुन्हा पाठवायला हरकत नसते, पोस्टला असते. म्हणून युआरएललिब३ चं रिट्राय रिक्वेस्ट एकदा सर्व्हरकडे निघाली असेल तर पोस्ट आपणहून पुन्हा पाठवत नाही. पुन्हा पाठवायच्या पद्धतींची यादी वाढवून पोस्ट त्यात घालायचा मोह टाळा. आधी समोरच्या सेवेत इडेम्पोटन्सी की (तीच की पुन्हा आली तर काम दुसऱ्यांदा न करण्याची सोय) आहे का विचारा. असेल तर काटा पावतीचा क्रमांकच की म्हणून पाठवा, कारण तो एका गाडीला एकच असतो आणि सर्व्हिस बंद-चालू झाली तरी बदलत नाही. दर प्रयत्नाला नवीन की बनवली तर तिचा उपयोग शून्य. सेवेत ही सोय नसेल तर तुटलेलं पेमेंट ‘अनिश्चित’ म्हणून स्थानिक डेटाबेसमध्ये नोंदवा, आधी स्थिती विचारणारा कॉल करा, आणि मगच पुढचं.

चिखली_गोफर

पुन्हा प्रयत्न करताना मधलं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक टाका. आमच्याकडे लाईट गेली की आजूबाजूची सगळी केंद्रं एकदम बंद होतात आणि लाईट आली की एकाच मिनिटात सगळी सर्व्हरवर तुटून पडतात. सगळ्यांनी बरोबर दोन-दोन सेकंदांनी प्रयत्न केले तर तो सर्व्हर उठूच शकत नाही.

एसएमएसचं पण बघा. तो सर्व्हर हळू झाला तर १६ पैकी बहुतेक थ्रेड त्याच्यापाशीच अडकतील आणि काटा थांबेल. पावती छापली की एसएमएस स्थानिक रांगेत टाका आणि वेगळा कामगार प्रोसेस ठेवून सावकाश पाठवा.

काटापावती

बदल केले. टोकन आता कॉलसोबत जातं, कुकी बंद, टाइमआउट दोन्ही, पूल १६, एसएमएस रांगेत. पेमेंट सेवेकडे कीची सोय निघाली, पावती क्रमांक पाठवतोय.

चाचणीसाठी एक छोटा सर्व्हर लिहिला. आलेलं टोकन थोडा वेळ थांबून तो तसंच परत पाठवतो, थांबायची वेळ दर वेळी वेगळी. समोरून वीस थ्रेड, प्रत्येकाचं आपलं टोकन, आणि परत आलेलं आपलंच आहे का एवढंच तपासायचं. जुन्या कोडवर लगेच सरमिसळ दिसली. नवीन कोड रात्रभर चालवला, एकही नाही. ही चाचणी आता प्रत्येक बदलानंतर चालते.

ज्यांचा उतारा दिसला होता त्यांच्या घरी कंपनीचे संचालक आणि मी जाऊन आलो. काय झालं, कसं झालं ते मराठीत समजावून सांगितलं आणि माफी मागितली.

शेवटचं विचारतो. रात्री केंद्र बंद करताना सेशन बंद करायचं का? आणि महिनोन्महिने एकच चालू ठेवलं तर काही बिघडतं?

मेळघाट_नेटवर्क

सर्व्हिस थांबताना एकदाच बंद करा, रिक्वेस्ट संपली म्हणून कधीच नाही. जास्त दिवस चालू ठेवण्यात अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची: उघडं कनेक्शन जुन्या आयपीलाच चिकटून राहतं, समोरच्यांनी सर्व्हर हलवला तरी. डॉटनेटवाल्यांना हे फार छळतं, तिथे पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य ठरवून देता येतं. तुमची सर्व्हिस रोज रात्री बंद होत असेल तर सकाळी पत्ता नव्यानेच शोधला जाईल.

हिंगणघाट_बॅकएंड

भाऊ, तो चाचणीचा सर्व्हर आणि वीस थ्रेडचा कोड या धाग्यात जोडा ना. आमच्या इकडच्या दोन जिनिंगमध्ये जवळजवळ हीच रचना आहे, उद्याच चालवून बघते.